डोंगरकड्याची पिशवी, पुण्याची बशी

माझं काम काय, असं लग्नकार्यात कुणी विचारलं तर मी "दवाखान्यात असते" एवढंच सांगते. पूर्वी खरं उत्तर द्यायचे. "बायकांच्या काढलेल्या गर्भपिशवीचा तुकडा बर्फात घालून पुण्याला पाठवते" असं म्हटलं की समोरची बाई हातातला घास खाली ठेवायची आणि तिच्या पलीकडची बाई खुर्ची ओढून जवळ यायची. पहिलीला किळस यायची, दुसरीला स्वतःचं दुखणं सांगायचं असायचं. दोघींचंही जेवण राहून जायचं आणि यजमान माझ्याकडे बघायचे.

सरकारी दवाखान्यात सिस्टर म्हणून माझी उभी हयात गेली. निवृत्त झाल्यावर मी नातवंडं सांभाळावीत असा घरच्यांनी बेत केला होता, अर्थात मला न विचारता. तेवढ्यात पुण्याच्या एका प्रयोगशाळेला आमच्या कळमनुरीच्या भागात एक बाई हवी होती. तिनं गावच्या बायकांशी त्यांच्या बोलीत बोलावं, डॉक्टरांशी डॉक्टरांच्या बोलीत बोलावं, आणि बर्फाचा डबा वारंगा फाट्यावरून पुण्याच्या ट्रॅव्हल्समध्ये वेळेवर चढवावा. नातवंडांपेक्षा डबा बरा, तो निदान मोबाइल मागत नाही, असं म्हणून मी हो म्हटलं.

आता पुण्याला या तुकड्याचं काय करतात ते सांगते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. गर्भपिशवीला आतून अस्तर असतं. दर महिन्याला ते गळतं आणि नवं येतं, म्हणजे वाढायची सवय त्याच्या अंगातच आहे. त्या अस्तरातला चिमूटभर तुकडा घेतात, धुतात, त्यातल्या पेशी सुट्या करतात आणि जेलीच्या थेंबात ठेवून त्यांना काय लागेल ते खाऊपिऊ घालतात. काही दिवसांनी त्या पेशी आपल्या आपण एकमेकींना धरून गोल होऊन बसतात. आतून पोकळ, मोहरीहूनही लहान. यांना ऑर्गनॉइड म्हणतात. बाईच्या अंगातल्या ग्रंथी जशा वागतात तशाच या काचेच्या बशीत वागतात. मग त्यांना मुद्दाम रोग लावायचा, जंतू आत शिरून काय उद्योग करतो ते बघायचं, कुठल्या औषधानं तो जातो ते बघायचं. जिवंत बाईच्या अंगावर असलं काही करून बघता येत नाही, निदान कागदोपत्री तरी. उंदरावर करून बघितलं तर उंदराच्या मादीला पाळीच येत नाही, त्यामुळे तिच्याकडून शिकण्यासारखं फार थोडं.

पुण्याला हे सगळं ऋचा मॅडम बघतात. वयानं माझ्या मुलीएवढ्या, हुशार, आणि त्या बशीतल्या गोळ्यांवर लेकरांसारखा जीव. मला मावशी म्हणतात. गोळे वाढले की फोन करतात, मेले तरी करतात. ज्या बाईचा तुकडा आहे तिचं नाव त्यांना कळत नाही, कळू द्यायचंच नसतं. डब्यावर फक्त एक खूण असते.

गावात मात्र हे समजावताना एक गफलत ठरलेली. पिशवीचं अस्तर पुण्यात "वाढतं" असं म्हटलं की बायकांच्या डोळ्यांपुढं पिशवीत जे वाढतं तेच येतं. एका आजीनं मला सगळं शांतपणे सांगू दिलं आणि शेवटी हळूच विचारलं, "पोरगं हाय का पोरगी?" दुसरी एक बाई अशी होती की तिच्या लेकीला मूल होत नव्हतं. ती म्हणाली, "तिकडं नवी पिशवी तयार झाली की माझ्या लेकीला बसवा, खर्चाचं बघू." तिला नाही म्हणताना माझीच जीभ जड झाली होती.

दुसरी अडचण आमच्या भागातल्या रिवाजाची. पिशवी काढली की डॉक्टर ती ट्रेमध्ये घालून बाहेर आणतात आणि नातेवाइकांना दाखवतात. नाही दाखवली तर आत खरंच काही काढलं की नुसती कापाकापी केली, असा संशय राहतो. म्हणून ट्रे बाहेर येतो, पिशवी मधोमध कापलेली असते, डॉक्टर गाठ दाखवतात, सासू, जाऊ, भाऊ, चुलता सगळे वाकून बघतात आणि "बाप रे" म्हणतात. माझ्या दृष्टीनं मात्र तुकडा लगेच थंड पाण्यात पडायला हवा असतो. पिशवीचं दर्शन चालू असताना मी मागं डबा उघडून उभी असते, आणि दर वेळी कुणीतरी मला आइस्क्रीमवाली समजून लहान पोराला "नंतर घेऊ" असं सांगतं.

एकदा असाच एक नमुना पाठवला आणि ऋचा मॅडमचा फोन आला. आवाज नुसता उड्या मारत होता. "मावशी, हे सॅम्पल निळ्या प्रकाशात आपोआप हिरवं चमकतंय! आम्ही काहीच रंग घातला नाही. अशी पेशी आम्ही कधी बघितली नाही." त्यांनी वरच्या साहेबांना बोलावून दाखवलं, साहेबांनी आणखी कुणाला. मला मग आठवलं. त्या बाईच्या सासूनं ट्रे समोर आल्यावर पदर डोक्यावर घेतला होता आणि पिशवीला हळद-कुंकू वाहून हात जोडले होते. चार लेकरं दिली होती त्या पिशवीनं घराला, अशी कशी नुसती पाठवायची? आणि आमच्याकडे हळद म्हणजे घरच्या शेतातली, चिमटीनं वाहायची सवय कुणाला नाही. हळद निळ्या उजेडात चमकते, हे मला तेव्हा कळलं. पुण्यालाही मी ते सांगून टाकलं. गोळे काही वाढले नाहीत. तेव्हापासून मी ट्रेच्या आडवी उभी राहते आणि सासवांना सांगते, "वाहायचं तर बाईला वाहा, ती आत पडली आहे."

या सगळ्या गमतींच्या खाली एक गोष्ट आहे, ती मला पहिल्यापासून टोचते. आमच्या संशोधनाचा हेतू असा की बायकांच्या पिशवीतले रोग समजावेत आणि पिशव्या वाचाव्यात. पण संशोधनाला लागतात काढलेल्या पिशव्याच. ज्या महिन्यात पिशव्या जास्त निघतात तो महिना आमच्यासाठी चांगला. म्हाताऱ्या बाईचं अस्तर बशीत नीट वाढत नाही, म्हणून मॅडमना तरण्या बाईचा तुकडा हवा असतो. आणि तरण्या बाईची पिशवी निघते तेव्हा तिथं काहीतरी चुकलेलं असतं, हे मला इतक्या वर्षांच्या नोकरीनं शिकवलेलं आहे.

सुरेखा अशीच. डोंगरकड्याजवळच्या एका गावातली सून, तिशीच्या आतली, एक मुलगी पदरात. तिच्या नवऱ्याचं नाव दत्ता. तो केळीच्या गाडीवर ड्रायव्हर, डोंगरकड्याला गाडी भरायची आणि उत्तरेत जाऊन रिकामी करायची. सासू गयाबाई, करड्या आवाजाची. सुरेखाला दोनेक वर्षांपासून अंगावरून पांढरं जायचं, ओटीपोटात दुखायचं, ताप यायचा. गोळ्या घेतल्या की बरं वाटायचं, पुन्हा तेच. शेवटी बाळापूरच्या एका खासगी दवाखान्यात डॉक्टरांनी म्हटलं की एकदाची पिशवी काढून टाका, कटकट मिटेल. घरी कुणाला त्यात नवल वाटलं नाही. गयाबाईची पिशवी निघालेली, जावेची निघालेली, गल्लीतल्या निम्म्या बायकांच्या निघालेल्या.

डॉक्टरांनी मला निरोप दिला. मी ऋचा मॅडमना वय सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "मावशी, एवढ्या कमी वयाचं टिश्यू आम्हाला मिळतच नाही. आणि इन्फेक्शनची हिस्टरी आहे म्हणता? काहीही झालं तरी हे चुकवू नका." खोटं कशाला बोलू, मलाही तो तुकडा हवा होता. चांगला नमुना गेला की पुण्याहून शाबासकी येते आणि मला शाबासकी आवडते.

मी दवाखान्यात गेले तेव्हा तिघंही व्हरांड्यातल्या बाकावर बसली होती. मी रिपोर्ट बघितले. गाठ नाही, कर्करोगाचं काही नाही. नुसतं वारंवार होणारं इन्फेक्शन. गयाबाई आणि दत्ता चहाला गेले तेव्हा सुरेखा माझ्याकडे सरकली.

"सिस्टरबाई, आपरेशन झाल्यावर किती दिस काम करू देत न्हाईत?"

"का गं?"

"न्हाई, आमच्या जाऊबाईला दोन महिने हंडा उचलू दिला न्हाई. आत्याबाईनं सोता भाकरी करून दिल्या तिला. गादीवर बसून खायची." तिनं हे असं सांगितलं जसं कुणी माहेरच्या जत्रेचं सांगावं. "मला काय, लई न्हाई, महिनाभर जरी पडून ऱ्हायला भेटलं तरी बास."

मला एकदम गलबलून आलं आणि त्याबरोबर रागही आला, कुणाचा ते ठरवता येईना. पोरगी विश्रांतीसाठी पोट फाडून घ्यायला तयार होती, आणि मी डबा घेऊन शेजारी बसले होते.

पण आमच्या कामाचा नियम कडक आहे. नमुना घेणाऱ्यानं ऑपरेशन करा किंवा करू नका, असं एका शब्दानं सुचवायचं नाही. तो डॉक्टरचा आणि घरच्यांचा प्रश्न. आपण फक्त तुकडा द्याल का विचारायचं, आणि त्याचं पुढं काय होणार ते नीट समजावून सांगायचं. नियम चांगला आहे. मी तो अक्षरशः पाळायचं ठरवलं.

गयाबाई आणि दत्ता परत आले तसा मी फोन काढला. ऋचा मॅडमनी हौसेनं पाठवलेली एक चित्रफीत होती माझ्याकडे, दुसऱ्याच कुण्या बाईच्या गोळ्यांची. म्हटलं, तुकड्याचं काय होतं ते बघून घ्या. पडद्यावर गोळे दिसले, काचेच्या मण्यांसारखे. मग त्यात हिरवे ठिपके दिसायला लागले.

"हे काय?" गयाबाई.

"हा जंतू. क्लॅमिडिया म्हणतात. हाच बायकांना त्रास देतो. बघा, आत शिरला. आता गोळे सुकतायत. आता औषध घातलं."

ठिपके कमी झाले, गेले. गोळे पुन्हा टवटवीत झाले. गयाबाईनं "हां" म्हटलं. तेवढ्यात पुन्हा ठिपके आले आणि गोळे पुन्हा कोमेजले.

"औषीद दिल्यावर बरं झालं व्हतं की. मंग पुन्हा काहून आलं?"

"मॅडमनं पुन्हा टाकलं. परत झाला तर किती नुकसान होतं ते बघायला."

"म्हंजी बाहीरून?"

"बाहेरूनच."

"आपल्या आप न्हाई येत?"

"तसा तर नाही येत."

मला तेव्हाच धास्ती वाटली, कारण पुढचा प्रश्न मला दिसत होता आणि तो कुणाच्या अंगावर जाईल ते माझ्या हातात नव्हतं. असले प्रश्न आपल्याकडे फिरून फिरून सुनेवरच येतात. सुरेखाचा चेहरा पांढरा पडला होता. तिलाही ते दिसलं असणार.

"हिचं बी असंच," गयाबाई सावकाश म्हणाली. "गोळ्या खाल्ल्या का बरं वाटतंय, मंग पुन्हा. दत्ता गाडीवरून घरी येऊन गेला का दुसऱ्या आठवड्याला हिचं दुखनं सुरू. मला वाटायचं, जागरणानं व्हत आसंल." ती थांबली. "ही तर घरातून शेतात आन शेतातून घरात. दिसभर माझ्या डोळ्यापुढं. मंग हिच्यात कोन आनून टाकून राहिलं?"

दत्ताला त्याच क्षणी फोन आला. फोन वाजला मात्र नव्हता.

"दत्ता, खाली बस."

"माय, गाडीवाल्याचा..."

"बस म्हनलं ना."

तो बसला. मग म्हणाला, "मला काय झालंय? मला काय बी तकलीफ न्हाई. तकलीफ हिला हाय."

इथं मला नियमानं बोलता येत होतं, कारण हा जंतूचा विषय होता, ऑपरेशनचा नव्हे. मी म्हटलं, "पुरुषाला पुष्कळदा काहीच जाणवत नाही. गोळ्या दोघांनी एकाच वेळी घ्यायच्या असतात. एकानं घेतल्या तर त्या वाया जातात. आणि कोर्स होईपर्यंत वेगळं झोपायचं."

"त्याची काळजी नगं," गयाबाई म्हणाली. "तो गाडीच्या केबिनमदी निजंल."

डॉक्टरांना मी जाऊन सांगितलं की नवऱ्याचा कोर्स कधी झालेला नाही. डॉक्टर वाईट माणूस नाहीत. बाहेर बायकांची रांग लागलेली असते आणि त्यातली एकही नवऱ्याला घेऊन येत नाही, आली तरी नवरा बाहेर टपरीवर असतो. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "सिस्टर, तुम्ही नमुने न्यायला येता का परत पाठवायला?" पण दोघांना गोळ्या लिहून दिल्या. ऑपरेशनची तारीख रद्द केली नाही, नुसती पुढं ढकलली, हळद निघाल्यानंतरची. गयाबाईलाही ते सोयीचं पडलं. हळद काढणीला घरातला एक हात कमी करणं तिच्या जिवावर आलंच होतं.

पुण्याला मी कळवलं, "नमुना थोडा उशिरा." एवढंच. ऋचा मॅडम म्हणाल्या, "चालेल, पण नक्की ना?" मी नक्की म्हटलं. काय नक्की, ते त्यांनी विचारलं नाही.

मधल्या दिवसांत एकदा फाट्यावर गयाबाई भेटली. मी डबा चढवून खिचडी खायला थांबले होते. तिनं आपणहून सांगितलं. पहिल्या दिवशी दत्तानं गोळी जिभेखाली धरली आणि मागं जाऊन थुंकली. दुसऱ्या दिवशी तो डोंगरकड्याला केळी भरत होता तिथं ती जाऊन उभी राहिली, हमालांच्या देखत. बैलाला औषध पाजताना जबडा धरतात तसा तिनं लेकाचा जबडा धरला आणि गोळी गिळल्यावर तोंड उघडून दाखवायला लावलं.

"लोकं काय म्हनले?" मी विचारलं.

"इचारू लागले, काय झालंय म्हनून. म्या सांगितलं, जंत झाल्यात." आणि ती एवढी हसली की शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले.

हळद निघाली, शिजली, वाळत पडली. तारीख आली. मी सकाळीच डबा तयार केला, तुकडा ठेवायच्या गुलाबी पाण्याची बाटली बर्फात ठेवली. पुण्याला सगळी मांडणी झालेली होती, मॅडमनी त्या बशीसाठी जागा राखून ठेवली होती. सुरेखा उपाशीपोटी आलेली, दवाखान्याचा हिरवा झगा घालून खाटेवर बसलेली. गयाबाई शेजारी कापडी पिशवी आणि जेवणाचे डबे घेऊन. दत्ता या वेळी बाहेर नव्हता, भिंतीला टेकून उभा होता.

डॉक्टर आले. पोट दाबून बघितलं. "दुखतंय?"

सुरेखानं सासूकडे बघितलं.

"इथं? इथं दुखतंय का?"

मी तिच्याकडे बघत होते. तिच्या चेहऱ्यावरून मला सगळं कळत होतं. दुखत नव्हतं. हळदीच्या शेतात वाकून, कंदांचे बुडखे तोडून, हळद शिजवायच्या कढईपाशी उभं राहूनही दुखलं नव्हतं, आणि ते तिलाच आधी कळलेलं होतं. पण "न्हाई" म्हटलं की झगा काढायचा, साडी नेसायची आणि संध्याकाळी पुन्हा हंडा. "व्हय" म्हटलं की महिनाभर गादी, सासूच्या हातची भाकरी. एक शब्द बोलायचा होता. मला बोलता येत नव्हतं. नियम होता, आणि त्या दिवशी नियमाचा मला मनापासून तिटकारा आला.

"व्हय," ती अगदी बारीक आवाजात म्हणाली. "थोडं दुखतंय."

डॉक्टरांनी मान हलवली आणि आत जायला वळले. मी खाली बघितलं, डब्याच्या झाकणाकडे.

"खोटं बोलून राहिली ही," गयाबाई म्हणाली.

सगळे थांबले. गयाबाई खाटेवर जाऊन सुनेच्या शेजारी बसली. मला वाटलं आता ही तिला चारचौघांत सोलून काढणार.

"काल माझ्याबराबर पोती उचलली हिनं. दुखत आसतं तर उचलली आसती का?" ती डॉक्टरांना म्हणाली. मग सुनेकडे वळली, आणि तिचा तो करडा आवाज एकदम खाली आला. "म्या बी खोटंच बोलले व्हते, माय. माझ्या बारीला. मला बी पडूनच ऱ्हायचं व्हतं."

सुरेखा रडायला लागली. गयाबाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला, जरा अवघडून, सवय नसल्यासारखा.

"पडून ऱ्हायचं तर घरी पड. म्या करते भाकरी. त्याच्यापायी पिशवी कापाया काहून लागती?" मग लेकाला, "ए, भितीला काय टेकलास? तिची साडी दे. आन घरी पानी तू भरायचं."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी या वेळी खरंच एक शब्द बोलले नव्हते. ते हसले आणि पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं.

दुपारी ऋचा मॅडमचा फोन आला. "मावशी, निघालं का सॅम्पल?"

"निघालं," मी म्हटलं. "आत्ताच डोंगरकड्याच्या गाडीत बसलं. खिडकीजवळ, सासूच्या शेजारी."

मी बोलणी खायच्या तयारीनं फोन कानाला धरून उभी राहिले.

"बरी आहे का ती?" मॅडमनी विचारलं.

"बरी आहे. नवरा गाडीवर ड्रायव्हर, महिन्यातून येऊन-जाऊन असतो. या वेळी दोघांनीही गोळ्या घेतल्या."

"मग नवरा पुढच्या फेरीहून आला की त्याला घरी जायच्या आधी दवाखान्यात आणायला सांगा, मावशी. नाहीतर पुन्हा तेच होईल."

"त्याची काळजी नको," मी म्हटलं. "ते काम त्याच्या आईनं घेतलंय."